चौकटीत कोणाला बसवायचं

चिनी लिपीत देश लिहायचा तर आधी चौकट काढावी लागते. डावीकडे एक उभी रेघ, मग वरून वळून उजवीकडे खाली उतरणारी दुसरी. तळ मात्र अजून उघडाच ठेवायचा. आता आतला ऐवज: तीन आडव्या रेघा, त्यांना मधोमध ओवणारी एक उभी आणि उजव्या बाजूला खाली एक ठिपका. ते सगळं झालं की शेवटी तळाची रेघ ओढून चौकट बंद करायची. चिनी मुलांना हा क्रम शिकवताना सांगतात, आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. एकूण आठ फटकारे. उच्चार 'ग्वो'.

चिनी शिकायला घेतलं की हे अक्षर अगदी सुरुवातीलाच भेटतं. चीनला चिनी लोक 'झोंगग्वो' म्हणतात, मधला देश. अमेरिका 'मेइग्वो', इंग्लंड 'यिंगग्वो', फ्रान्स 'फाग्वो'. मीही ते चौकोनांच्या वहीत गिरवत बसायचे. आतल्या भागाबद्दल बरेच दिवस मला एवढंच ठाऊक होतं की तो 'यू' आहे. यू म्हणजे जेड, चिनी माणसाला सोन्याहून प्रिय असलेला तो गुळगुळीत, बहुधा हिरवट दगड. देशाच्या चौकटीत जेड ठेवलेला पाहून छान वाटायचं. मग तैवानमध्ये छापलेलं एक पुस्तक हाती आलं आणि त्यात त्याच शब्दासाठी अकरा फटकाऱ्यांचं एक दाट अक्षर दिसलं. बाहेरची चौकट तीच, आत मात्र जेडचा मागमूस नाही. तिथे एक हत्यार होतं, एक छोटी चौकट होती आणि तिच्याखाली एक आडवी रेघ.

तेव्हापासून या अक्षराने मला धरून ठेवलं आहे. त्याच्याविषयी जे सापडेल ते वाचत गेले आणि एक गोष्ट मनात घट्ट झाली, ती सांगण्यासाठी हा लेख. सुलभ चिनी लिपीबद्दल, म्हणजे चीनमध्ये आज चालणाऱ्या कमी फटकाऱ्यांच्या लिपीबद्दल, सर्रास असं बोललं जातं की कम्युनिस्टांनी सत्ता आल्यावर जुनी लिपी मोडली आणि कचेरीत बसून नवी घडवली. या अक्षरापुरतं तरी हे खरं नाही. त्याचं सुलभ रूप घडवणारे हात शेकडो वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यातल्या एकाचंही नाव कुणाला माहीत नाही.

पण आधी त्या अकरा फटकाऱ्यांकडे जायला हवं.

चीनच्या शान्शी प्रांतात बावजी नावाचं शहर आहे. त्याच्या परिसरातल्या एका गावात १९६३ साली घरामागच्या मातीच्या कड्यातून काशाचं एक मोठं भांडं निघालं. मद्यासाठीचं, नक्षीने भरलेलं, सुमारे ३९ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ पंधरा किलो वजनाचं. ते सापडलेल्या घराला त्याचं मोल कळण्याचं काही कारण नव्हतं. दोन वर्षांनी ते भंगाराच्या दुकानात ३० युआनला विकलं गेलं. तिथे ते स्थानिक संग्रहालयाच्या एका कर्मचाऱ्याच्या नजरेला पडलं, म्हणून वितळायचं वाचलं. एवढं होऊनही त्याच्या पोटात काय आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं. १९७५ साली ते एका प्रदर्शनासाठी बीजिंगला नेलं, तेव्हा शांघाय संग्रहालयाचे तज्ज्ञ मा चंगयुआन यांनी आतल्या तळावरची माती आणि गंज काढायला लावला. खाली अक्षरं निघाली. १२२ अक्षरं.

भांड्यातला हा लेख तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे, पश्चिम झोऊ राजवटीच्या आरंभीचा. राजा चंग आपल्या कुळातल्या 'ह' नावाच्या तरुण सरदाराला सांगतो आहे की माझ्या वडिलांनी शांग राजवटीचं महानगर जिंकल्यावर आकाशाला वचन दिलं होतं: मी या मधल्या प्रदेशात वस्ती करीन आणि इथूनच प्रजेचा कारभार पाहीन. त्या वाक्यात 'झोंगग्वो' हा शब्द येतो. आजवर सापडलेल्या लेखांतला हा त्याचा सर्वांत जुना उल्लेख. तिथे त्याचा अर्थ आजच्या चीनचा नकाशा नाही. लोयांगच्या आसपासचा, चारी दिशांच्या मध्यावरचा मुलूख, एवढाच त्याचा आवाका आहे.

मला या भांड्यात सर्वांत जास्त रस आहे तो एका न दिसणाऱ्या गोष्टीमुळे. त्यावरच्या 'ग्वो'ला बाहेरची चौकट नाहीच. आहे ती फक्त आतली छोटी चौकट, म्हणजे वस्ती किंवा तटबंदीचं गाव, तिच्याजवळ सीमेच्या रेघा आणि शेजारी लांब दांड्याला आडवं पातं बसवलेलं एक हत्यार. त्या काळच्या चिनी सैनिकाच्या हाती हेच असायचं. गाव, त्याची सीमा आणि ती राखणारं शस्त्र. देश म्हणजे काय याचं याहून थोडक्यात केलेलं वर्णन माझ्या पाहण्यात नाही, आणि त्यात काही गोडवाही नाही. ज्यांनी ते चिन्ह केलं त्यांना राखता येईल तेवढीच जमीन आपली हे पक्कं माहीत होतं.

मग बाहेरची चौकट आली कुठून? चिनी लिपीत असं वारंवार घडलं आहे की उच्चार जवळचा म्हणून एका शब्दाचं चिन्ह दुसऱ्याच शब्दासाठी उसनं घेतलं गेलं. गाव, सीमा आणि शस्त्र यांचं हे चिन्ह 'कदाचित' आणि 'किंवा' या अर्थाच्या शब्दासाठी वापरात आलं, आणि हा शब्द वाक्यावाक्यात लागणारा. मूळ अर्थाला आपलं घर परत हवं होतं. त्यासाठी लिहिणाऱ्यांनी दोन वाटा काढल्या. काहींनी चिन्हाभोवती आणखी एक मोठी चौकट ओढली आणि 'ग्वो' झाला, देश. काहींनी चिन्हाच्या डावीकडे माती दाखवणारा भाग जोडला आणि 'यू' झाला, प्रदेश. (हा यू आणि जेडचा यू आज एकाच सुरात उच्चारले जातात, पण अक्षरं अगदी वेगळी.) म्हणजे देश आणि प्रदेश ही सख्खी भावंडं, आणि 'किंवा' हा त्यांच्याच जुन्या घरात राहायला आलेला पाहुणा. आपण पारंपरिक 'ग्वो' लिहितो तेव्हा चौकटीत चौकट दिसते ती यामुळे. सीमेचं एक चिन्ह आत आधीपासून होतंच, वर दुसरं चढलं.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश तयार केला. त्यात 'ग्वो'चा अर्थ एका शब्दात दिला आहे: 'बांग'. बांग म्हणजेही देश, राज्य, आणि जुन्या काळी हाच शब्द जास्त चालणारा होता. तो मागे का पडला याचं कारण एका माणसाचं नाव. हान राजवटीचा संस्थापक ल्यू बांग, शेतकऱ्याच्या घरातून आलेला, इसवी सनपूर्व २०२ मध्ये सम्राट झाला. सम्राटाच्या नावातलं अक्षर प्रजेने लिहायचं नाही अशी चिनी रीत. त्यामुळे 'बांग' लिहिणं बंद झालं आणि त्याच्या जागी जिथे तिथे 'ग्वो' आलं. प्रधानाचं पद 'श्यांगबांग' होतं ते 'श्यांगग्वो' झालं. जुन्या ग्रंथांच्या प्रतींतही बदल झाले. एका अक्षराचं भाग्य असंही उघडतं.

आणि भाग्य उघडलेल्या अक्षरावर सत्तेची नजर जाणारच. वू झेत्यानची गोष्ट इथे येते.

चीनच्या इतिहासात सम्राट ही पदवी स्वतःच्या नावाने धारण करणारी एकच स्त्री झाली, ती ही. इसवी सन ६९० ते ७०५ या काळात तिने तांग घराणं बाजूला सारून आपली स्वतंत्र राजवट चालवली. राज्यावर येता येता तिने लिपीलाही हात घातला. सूर्य, चंद्र, तारा, आकाश, पृथ्वी, वर्ष अशा दीड डझनभर शब्दांसाठी नवी अक्षरं काढली. स्वतःच्या नावासाठीचं अक्षर तर असं की वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी आणि खाली मोकळं आकाश. 'ग्वो'ची पाळी काही वर्षांनी आली. तांगकाळातल्या किश्श्यांच्या एका संग्रहात त्याची हकिकत आहे. कुणीतरी अर्ज केला की या अक्षराच्या चौकटीत जे बसलं आहे ते 'गोंधळ' या अर्थाच्या अक्षरासारखं दिसतं. देशाच्या पोटात गोंधळ नको, तिथे आपलं घराण्याचं नाव 'वू' बसवावं, म्हणजे तो दबून राहील. राणीला हे आवडलं. तसा हुकूम निघाला. महिनाभरात दुसरा अर्ज आला: चौकटीत माणूस काढला की 'कैदी' हे अक्षर होतं, मग चौकटीत वू काढणं म्हणजे काय? हा तर मोठा अपशकुन. राणी दचकली, हुकूम मागे घेतला आणि चौकटीत 'आठ दिशा' ही दोन अक्षरं बसवली. आठी दिशा जिच्या पोटात आहेत ती भूमी म्हणजे देश. किस्से लिहिणाऱ्याने शेवटी नोंदवलं आहे की पुढे खरोखरच तिला एका महालात कोंडलं गेलं. ७०५ सालच्या बंडानंतर ती लोयांगच्या शांगयांग महालात होती आणि त्याच वर्षी वारली, हे इतिहासाला धरून आहे. अर्जांची गोष्ट मागाहून रचलेली असू शकेल. पण आठ दिशांचं अक्षर खरं आहे, त्या काळच्या शिलालेखांत आणि हस्तलिखितांत ते दिसतं.

ती गेल्यावर तिची अक्षरंही हळूहळू वापरातून गेली. आज ती संशोधकांच्या कामी येतात: एखाद्या जुन्या कागदावर दिसली की तो तिच्या काळाच्या आधीचा नाही हे ठरतं. कोरियातल्या ग्योंगजू शहराजवळ बुलगुक्सा नावाचा बौद्ध विहार आहे. तिथल्या दगडी स्तूपातून १९६६ साली एक छापील धारणी-मंत्राची गुंडाळी निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत तिची गणना होते, आणि तिच्या काळाच्या चर्चेत राणीच्या या अक्षरांचा पुरावा पुढे ठेवला जातो. 'आठ दिशां'च्या ग्वोचा आणखी एक धागा थेट जपानला गेला आहे. सतराव्या शतकातले मितो संस्थानचे अधिपती तोकुगावा मित्सुकुनी यांनी उतारवयाकडे झुकल्यावर आपल्या नावातला 'कुनी', म्हणजे देश, या अक्षराने लिहायला सुरुवात केली. जपानच्या इतिहासाचा प्रचंड ग्रंथ लिहवून घेणारा हा माणूस. त्यांच्यावर कथा, नाटकं, दूरदर्शन मालिका झाल्या, त्यामुळे चीनने केव्हाच टाकून दिलेलं हे अक्षर जपानी माणूस आजही ओळखतो.

एकोणिसाव्या शतकात चौकट पुन्हा मोकळी केली गेली. हुंग श्यूच्वान नावाचा, सरकारी परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला दक्षिणेतला एक तरुण स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानू लागला, आणि त्याच्या भोवती जमलेल्या लोकांनी १८५१ ते १८६४ अशी चौदा वर्षं मांचू सरकारशी युद्ध केलं. माणसं मेली ती कोटींत मोजतात. त्यांच्या राज्याचं नाव होतं थायपिंग थ्येनग्वो, महाशांतीचं स्वर्गीय राज्य. १८५३ मध्ये नानजिंग जिंकून त्यांनी तिथे राजधानी केली, नाणी पाडली, फर्मानं छापली, आणि त्यांवरच्या 'ग्वो'च्या चौकटीत बसला होता 'वांग', राजा. सात फटकाऱ्यांचं अक्षर. हे काही हुंगने शोधलेलं नव्हतं, राजाचं रूप लोकांच्या हाताखाली आधीपासून होतं. त्याने ते उचलून सरकारी केलं.

मग १९११ ची क्रांती झाली, सम्राट गेला, प्रजासत्ताक आलं. त्या भारावलेल्या दिवसांत काही जण चौकटीतून हत्यार काढून तिथे 'मिन', म्हणजे जनता, लिहू लागले. जनतेचं राज्य, मग चौकटीत जनताच हवी. ते रूप रुजलं नाही.

शस्त्र, राणीचं घराणं, आठ दिशा, राजा, जनता. एका चौकटीत ज्याने त्याने आपापला देश बसवून पाहिला. हे वाचताना मी गुंगून गेले होते हे खरं. पण हळूहळू लक्षात आलं की ज्या रूपाचा मी शोध घेत होते, जे आज शंभर कोटींहून जास्त माणसं लिहितात, ते या दरबारी यादीत नाहीच. जेड कुणाच्या हुकुमाने आत गेला नाही.

तो हाताच्या वेगाने गेला. सरकारी शिक्के आणि शिलालेख बाजूला ठेवा आणि रोज लिहिणाऱ्या माणसांकडे पाहा: हिशेब ठेवणारे कारकून, सूत्रांच्या प्रती काढणारे भिक्षू, औषधांच्या चिठ्ठ्या लिहिणारे वैद्य, गावच्या खेळांच्या संहिता उतरवणारे लोक. त्यांच्या हाती कुंचला, आणि दिवसातून शंभर वेळा लिहायचं हे अकरा फटकाऱ्यांचं अक्षर. वळणदार जलद लिपीत आतल्या शस्त्राचे आणि छोट्या चौकटीचे फटकारे एकमेकांत मिसळतात, आडव्या रेघा उरतात, उभी उरते, आणि शस्त्राच्या टोकाचा ठिपका उरतो. तो गुंता पुन्हा कुणी सुटा करून लिहू लागला की डोळ्यांना ओळखीचा आकार दिसतो, जेडचा. ठिपका गळला तर राजाचा. ज्यांनी मोडी दप्तरं पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको, लेखणी न उचलता लिहिताना अक्षराचं काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

चीनच्या वायव्येला असलेल्या तुनह्वांगच्या गुहेतून १९०० साली जी हजारो हस्तलिखितं बाहेर आली त्यांत अशी आखूड रूपं विखुरलेली आहेत. पुढे लाकडी ठशांवरची छपाई वाढली, बाजारात स्वस्त पुस्तकं आली, कथा, नाटकं, यात्रावर्णनं. ठसे कोरणाऱ्याला प्रत्येक फटकारा लाकडातून सोडवावा लागे, त्यामुळे त्यालाही कमी रेघांचं अक्षर हवंच होतं. दरबारी परीक्षेत असं अक्षर लिहिलं तर उमेदवार गेलाच. पण बाजारात ते सुखाने नांदत होतं. त्याला नाव होतं 'सूझ', सामान्यांचं अक्षर.

या सामान्यांच्या अक्षरांना मान मिळाला तो ल्यू फू या माणसामुळे, आणि त्याच्याबद्दल मला विशेष आपुलकी आहे. ल्यू फू कवी, ध्वनिशास्त्राचा अभ्यासक, लोकगीतं गोळा करणारा. चिनी लिपीत 'ती' या सर्वनामाला वेगळं अक्षर नव्हतं, ते त्याने रूढ केलं. १९३० साली त्याने आपला सहकारी ली च्यारुई याच्यासोबत एक संग्रह प्रसिद्ध केला: सोंग आणि युआन राजवटींच्या काळापासूनची बारा लोकप्रिय छापील पुस्तकं घेऊन त्यांतली सहा हजारांवर आखूड रूपं एका ओळीत मांडली. कुठल्या पुस्तकात कुठलं रूप, सगळं तक्त्यात. ज्या अक्षरांना विद्वान चुकीची म्हणत आले होते ती अनेक शतकं सातत्याने त्याच 'चुकी'ने लिहिली जात होती, हे त्या तक्त्यांवरून कुणालाही दिसत होतं. जेडवालं 'ग्वो' त्यात आहे. १९३४ मध्ये, त्रेचाळीसच्या वयात, बोलींच्या अभ्यासदौऱ्यावर जडलेल्या तापाने तो गेला.

पुढच्याच वर्षी नानजिंगच्या राष्ट्रवादी सरकारने ३२४ सुलभ अक्षरांची यादी जाहीर केली. होय, कम्युनिस्टांचा शत्रू च्यांग कै शेक याच्या सरकारने. लिपी सोपी करणं हे त्या काळी कुठल्या एका पक्षाचं काम नव्हतं. पक्षातल्याच जुन्या वळणाच्या मंडळींनी इतका विरोध केला की १९३६ च्या फेब्रुवारीत ती मागे घ्यावी लागली.

१९४९ नंतर काम पुन्हा हाती घेतलं गेलं तेव्हा देशात पाचांतली जवळजवळ चार माणसं निरक्षर होती. लिपी-सुधारणा समितीने आपल्या कामाचं सूत्र म्हणून कन्फ्यूशियसचं एक वचन पुढे ठेवलं: आलेलं पुढे द्यावं, नवं रचू नये. कम्युनिस्ट राजवटीत कन्फ्यूशियसचा आधार घेतला गेला, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. पण काम तसंच होतं. समितीने बहुतेक अक्षरं रचली नाहीत, लोकांत चालत आलेल्या रूपांतून निवडली. १९५५ च्या जानेवारीत मसुदा चर्चेला ठेवला, मतं मागवली. 'ग्वो'साठी मसुद्यात राजाचं रूप होतं, सात फटकाऱ्यांचं, सर्वांत आखूड.

त्यावर आक्षेप आला, आणि तो येणारच होता. जनतेच्या प्रजासत्ताकाच्या नावातच हे अक्षर आहे. त्या चौकटीत राजा कसा बसवायचा? असं सांगितलं जातं की कवी आणि पुरातत्त्वज्ञ ग्वो मोरुओ यांनी सुचवलं, एक ठिपका द्या. ठिपका दिला की राजाचा जेड होतो. सूचना कुणाचीही असो, २८ जानेवारी १९५६ रोजी मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली आणि तीन दिवसांनी ती छापून आली, तेव्हा ५१५ सुलभ अक्षरांत ठिपकेवालं 'ग्वो' होतं.

या ठिपक्याचा इतिहास मला विलक्षण वाटतो. कारण जेडला मुळात ठिपका नव्हता. प्राचीन लिपीत जेड म्हणजे दोरीत ओवलेले तीन तुकडे, तीन आडव्या रेघा आणि एक उभी. राजा म्हणजे कुऱ्हाडीचं पातं, ज्याच्या हाती ते तो राजा. लिहिता लिहिता कुऱ्हाडही तीन आडव्या आणि एका उभ्या रेघेची झाली, आणि दोन्ही अक्षरं एकसारखी दिसू लागली. शू शनच्या कोशात फरक आहे तो फक्त मधल्या रेघेच्या जागेचा: जेडमध्ये दोन्ही अंतरं सारखी, राजामध्ये मधली रेघ जरा वर. एवढ्याशा फरकावर कारभार चालेना, तेव्हा जेडला ठिपका जोडला गेला. म्हणजे राजापासून वेगळं राहण्यासाठी दोन हजार वर्षांपूर्वी जेडने घेतलेला ठिपका १९५६ मध्ये पुन्हा त्याच कामाला आला.

जेडसारखी अनमोल भूमी म्हणून देशाच्या चौकटीत जेड, असं आज शाळांत सांगतात. मुलांच्या ते चटकन लक्षात राहतं, त्यामुळे शिक्षकांना मी दोष देणार नाही. पण हा अर्थ नंतर चिकटवलेला आहे, आणि त्याने मूळ गोष्ट झाकली जाते. घाईत असलेल्या, थकलेल्या, कुणी नाव न नोंदलेल्या माणसांच्या मनगटातून हे रूप आलं. मला त्या मनगटांचा अभिमान वाटतो, आणि तो अर्थ सांगण्याऐवजी ती गोष्ट सांगितली जावी असं मनापासून वाटतं.

सुलभीकरणाच्या बाजूने मी इतकं बोलले, तर चेन मेंगच्या यांच्याविषयी बोललंच पाहिजे. हाडांवर आणि कासवाच्या पाठींवर कोरलेल्या सर्वांत जुन्या चिनी लेखांचा हा थोर अभ्यासक, तरुणपणी कवी. १९५७ साली, मोकळेपणाने बोला असं सरकारच म्हणत असताना, त्यांनी लिहिलं की लिपी बदलताना जरा सावध असा, घाई करू नका. काही महिन्यांत वारं फिरलं. त्यांना 'उजवे' ठरवलं गेलं, आणि सांस्कृतिक क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, १९६६ च्या सप्टेंबरमध्ये, छळ असह्य होऊन त्यांनी आत्महत्या केली. अक्षरांच्या बाबतीत त्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही. पण लिपीवर प्रेम करणाऱ्या माणसाला मतासाठी असं संपवलं जातं, तेव्हा त्या सुधारणेच्या इतिहासात त्याचं नाव ठळक लिहिलं जायला हवं. १९७७ मध्ये आणखी अक्षरं आखूड करणारी दुसरी योजना आली, ती लोकांनाच पेलली नाही, आणि १९८६ मध्ये सरकारने ती मागे घेतली. सावध असा म्हणणारा माणूस तेव्हा हयात नव्हता.

तैवान आणि हाँगकाँगमध्ये आजही शस्त्रवालं 'ग्वो' चालतं. जपानने मात्र जेडवालं रूप चीनच्या आधीच, १९४९ च्या सरकारी तक्त्यात, पक्कं केलं होतं. तिथेही ते सामान्यांच्या हाताखालचंच. दोन देश, युद्धाच्या जखमा ताज्या, राजवटी परस्परविरोधी, आणि तरी दोघांनी स्वतंत्रपणे एकच ठिपका उचलला. समितीच्या कल्पनेतून आलेलं अक्षर असतं तर हे घडलं नसतं.

या सगळ्यात आपल्या मुलखाचाही एक कोपरा आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग दक्षिणेत आला, आणि परत गेल्यावर ६४६ साली त्याचा प्रवासवृत्तांत पुरा झाला. वू झेत्यानच्या अक्षरांच्या चार दशकं आधी. ग्रंथाच्या नावात 'पश्चिम प्रदेश' आहे, आणि तिथला प्रदेश म्हणजे ते मातीवालं 'यू', ग्वोचं सख्खं भावंड. आत एकेका राज्याचं प्रकरण, प्रत्येकाच्या नावापुढे 'ग्वो'. त्यांत एक आहे 'मोहोलाचा ग्वो', महाराष्ट्र देश. इथली माणसं साधी पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, लढाईआधी हत्तींना मद्य पाजतात, त्यांचा राजा पुलकेशी हर्षापुढे वाकला नाही, असं तो लिहितो. डोंगरात कोरलेल्या विहाराचं आणि त्याच्या दाराशी उभ्या दगडी हत्तींचं वर्णन आहे, ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. चीनमध्ये आज छापल्या जाणाऱ्या सुलभ लिपीतल्या प्रतींत त्या महाराष्ट्रापुढे जेडवालं अक्षर येतं.

आजच्या महाराष्ट्राचं नाव चिनी वर्तमानपत्रात येतं तेव्हा मात्र त्यापुढे 'ग्वो' नसतं. भारतातल्या घटक राज्यांसाठी चिनी भाषेत दुसरं अक्षर वापरतात, तमिळनाडूला तेच, केरळला तेच. ते अक्षर 'बांग' आहे, ल्यू बांगच्या नावातलं, ज्याला बाजूला सारून 'ग्वो' पुढे आलं होतं.